बारा दिवस स्किन इन्टॅक्ट

आमच्या वर्गात सगळ्यात हुशार मी होते. हे सांगताना आता मला लाज वाटते, कारण तो वर्ग काय होता आणि ती हुशारी काय होती, हे मला पुढे कळलं.

डिचोलीच्या बसस्टँडापासून जरा पुढे टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं, त्याच्यावर पहिल्या मजल्यावर आमची खोली. खाली रबर जळायचं, वर आम्ही अठरा बायका केअरगिव्हर होत होतो. भिंतीवर माणसाच्या आतड्यांचं चित्र आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकचा सांगाडा, त्याचा एक हात कायम निखळलेला. तीन महिन्यांचा कोर्स, शेवटी लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट. चालवणाऱ्या बाईंना आम्ही मॅडम म्हणायचो. त्या पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात नुसत्या नाव लिहून घ्यायला बसत होत्या, असं वर्गातल्या मोरजीच्या पोरीनं शोधून काढलं होतं. खरं-खोटं देव जाणे. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, हे दाखवायची वेळ आली की मॅडमना हमखास फोन यायचा आणि त्या गॅलरीत जायच्या.

मॅडम शिकवायच्या ते शब्द. झेरॉक्सचे अकरा कागद होते, तेवढंच आमचं वैद्यकशास्त्र. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. हे दोन शब्द एकमेकांच्या इतके शेजारी ज्यानं ठेवले, तो जन्मात कधी आजारी माणसाच्या उशाशी बसला नसणार. ब्रॅडी म्हणजे हळू, टॅकी म्हणजे जलद. मागे आयटिस लागलं की सूज, पुढे डिस् लागलं की त्रास. दिवसातून दोनदा म्हणजे बीडी, तीनदा म्हणजे टीडीएस, झोपताना म्हणजे एचएस, तोंडानं काहीच द्यायचं नाही म्हणजे एनपीओ. सकाळी दहा ते एक आम्ही हे पाढ्यांसारखं म्हणायचो, आणि खालचा टायरवाला मध्येच घण घालून ताल द्यायचा.

मोरजीची पोरगी मासेमारांची, तिचं तोंड बंद राहायचं नाही. एकदा तिनं विचारलं, "मॅडम, जीव कसोसोच जाता, ताका कितें म्हणपाचें?"

"कसासाच म्हणजे?"

"म्हणजे दुखत नाय, खुपत नाय, पूण कसोसोच जाता."

मॅडमनी कागद वरखाली केले. "तो सिम्प्टम नाही," त्या म्हणाल्या.

"म्हज्या आवयक तोच जातालो. मागीर ती मेली," पोरगी आपल्या आईबद्दल म्हणाली आणि खाली बसली. वर्ग हसला. मीही हसले, कारण मॅडम हसल्या होत्या.

माझं शिक्षण आठवीच्या अर्ध्यावर थांबलेलं. जत तालुक्यातलं आमचं गाव; शाळा तीन मैलांवर, घरी आई आजारी आणि पाठची दोन भावंडं. नवरा डिचोलीच्या खाणीवर टिपर चालवायचा म्हणून लग्न झाल्यावर इकडे आले. खाणी बंद झाल्या तेव्हा टिपर ताडपत्री घालून रांगेनं उभे राहिले आणि त्यांच्या चाकांतून गवत वर आलं. नवरा दिवसभर त्या रांगेपाशी जाऊन बसायचा, जणू सोडून आला तर कोणी गाडी नेईल. इथली भाषा मला अर्धी कळायची. दुकानात काही मागायचं तर आधी मनात तीनदा घोकून जायचे. कोणी "किती शिकलीस?" विचारलं की मी विषय बदलायचे. अशा बाईला कोणी आधी पैसे न मागता अकरा कागद शिकवतंय, फी नंतर पगारातून दे म्हणतंय, तर ती मॅडमच्या पाया पडणारच. मी पडलेही होते, दसऱ्याला.

तर मी ते शब्द पाठ केले. भाकऱ्या थापताना म्हणायचे, कपडे पिळताना म्हणायचे. महिन्याभरात मॅडम मला उभं करून बाकीच्यांना माझं उदाहरण द्यायला लागल्या. "आठवी नापास बाई बघा," त्या म्हणायच्या. मी नापास नव्हते, शाळा सुटली होती, पण तेवढं दुरुस्त करायची माझी छाती नव्हती.

मॅडमचा एक नियम मात्र सगळ्या नियमांच्या वर होता. ज्या घरी कामाला जाल तिथे रोज रजिस्टर भरायचं. त्यात रकाने: बीपी, पल्स, टेम्परेचर, इनटेक, आउटपुट, स्किन, बॉवेल, स्लीप, रिमार्क्स. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही आणि एकही शब्द मराठीत लिहायचा नाही. "मराठीत लिहाल तर ती मोलकरणीची वही," मॅडम म्हणायच्या. "इंग्रजीत लिहाल तर लोक तुम्हाला सिस्टर म्हणतील." ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी शेवटच्या कागदावर प्रत्येक रकान्याचे तयार शब्द होते. टेम्परेचरला अफेब्राइल, म्हणजे ताप नाही. बॉवेलला पास्ड किंवा नॉट पास्ड. स्किनला इन्टॅक्ट किंवा अल्सर. रिमार्क्सला स्टेबल. अठरा बायका गोव्यातल्या अठरा घरांत गेल्या आणि अठरा म्हातारी माणसं रोज संध्याकाळी स्टेबल झाली. त्यांतली किती त्या स्टेबलमध्येच गेली, ते मॅडमच्या कुठल्या कागदावर नाही.

मला धारगळला घर मिळालं. हायवेपासून आत, काजूच्या बागेच्या कडेला. आजी अठ्ठ्याहत्तरीच्या, डाव्या अंगावरून वारं गेलेलं, जोडीला जुना मधुमेह. बोलणं मात्र शाबूत, आणि ते धारेचं. मुलाचं हायवेला हार्डवेअरचं दुकान. सून शाळेत क्लार्क; तिला मी वहिनी म्हणायचे. मुलगी पुण्याला, तिला ताई.

घर चांगलं होतं. हे मला लिहिलंच पाहिजे, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते गोड नाही. मला वेगळी खोली होती. पाववाला पोदेर सकाळी भोंपू वाजवत आला की पहिला गरम उंडा माझ्या ताटात यायचा. अकरा वाजता आजीसाठी पेज व्हायची ती मलाही, वर लोणच्याची फोड. आणि पहिल्याच दिवशी वहिनी मला सिस्टर म्हणाल्या. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले. उपकाराचं ओझं असलेल्या माणसासारखं भित्रं जनावर दुसरं नसतं. दिलेलं परत घेतील या भीतीनं ते खाली मान घालून चालतं.

पाच वाजता वहिनी रजिस्टरच्या पानाचा फोटो काढून पुण्याला पाठवायच्या. सहा वाजता ताईंचा फोन. मी स्पीकरवर उत्तरं द्यायचे.

"टेम्परेचर?"

"अफेब्राइल, ताई."

"बॉवेल?"

"पास्ड."

"स्किन?"

"इन्टॅक्ट."

"गुड."

ते गुड ऐकायला मी दिवसभर जगायचे. आजी पलंगावरून ऐकत असायच्या. "झाली आरती?" त्या विचारायच्या. "आता प्रसाद वाट."

आईची विचारपूस म्हणजे ही आरती. आईशी बोलायला ताईंना दोन मिनिटं पुरायची, रजिस्टरला वीस लागायची. मुलगा दुकानातून आला की दारात उभ्यानंच विचारायचा, "सगळें स्टेबल मू?" आणि पायातल्या चपला न काढता आत स्वयंपाकघरात जायचा. पाहुणे आले की वहिनी सांगायच्या, "गेल्या महिन्यात आईंना हायपोग्लायसेमिया झाला होता," आणि सांगण्याचा सूर असा, की घरातलं कोणी परदेशी जाऊन आलंय. पाहुणे मान डोलवायचे. त्यांच्याकडच्या म्हाताऱ्यालाही काहीतरी झालेलं असायचं आणि तेही एवढंच लांबलचक असायचं. कोणाच्या घरचा शब्द मोठा, याची चढाओढ चहाबरोबर चालायची. ज्यांच्याबद्दल चालायची, ते पलंगावर.

आजींना डाव्या अंगाची जाणीवच राहिली नव्हती. सकाळी मी पांघरूण काढलं की त्या म्हणायच्या, "गो चेडवा, माझो डावो पाय खंय आसा ता बघ. कोणी चोरून व्हेलो नाय मां?" मी पाय उचलून त्यांना दाखवायचे. त्या बघायच्या, जसं बाजारात कोणी दुसऱ्याची वस्तू दाखवावी. "हां, हो कोणाचो तरी आसा," म्हणायच्या.

एके दिवशी ताईंना एक नवा शब्द सापडला: फूट ड्रॉप. कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी पाहिलं, की पक्षाघातात पाऊल खाली लोंबतं आणि तसंच आखडतं. ते होऊ नये म्हणून पलंगाच्या पायथ्याला फळी लावून पाऊल तिच्यावर सरळ टेकवायचं. शब्द खरा होता, गोष्टही खरी होती. मुलानं दुकानातून प्लायवूड पाठवलं, सुतारानं फळी ठोकली. रजिस्टरमध्ये नवा रकाना आखला गेला, फूटबोर्ड, आणि त्यात मी लिहायचं यस. दिवसरात्र यस. काथ्याच्या कडक गादीवर टाच रोवलेली आणि तळवा फळीला भिडलेला, असा तो पाय राहू लागला. पाहुण्यांना फळी दाखवली जायची.

फळी लागल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी आंघोळ घालताना मला आजींच्या डाव्या टाचेवर लाल डाग दिसला. सुपारीएवढा. मी अंगठ्यानं दाबला. दाबल्यावर कातडी पांढरी पडते आणि सोडल्यावर रंग परत येतो, तसं झालं नाही. डाग लालचा लाल राहिला. आजूबाजूपेक्षा तिथं हाताला जरा कोमट लागत होतं.

तो डाग मी ओळखला. गावी माझे वडील, आबा, नांगरट चालू असताना रोज संध्याकाळी बैलांच्या खांद्यांवरून हात फिरवायचे. जुवाखालची जागा अंगठ्यानं दाबून बघायचे, बोटांनी तिची ऊब घ्यायचे. जागा गरम लागली आणि बैलानं कातडी थरथरवली, की दुसऱ्या दिवशी तो बैल गोठ्यात आणि शेत तसंच. शेजारचा म्हणायचा, पेरणी चुकेल. आबा म्हणायचे, चुकू दे, खांदा फुटला तर वर्ष जाईल. हे मी पाच वर्षांची असल्यापासून पाहिलं होतं. त्याला अकरा कागद लागले नव्हते.

दुपारी रजिस्टर उघडलं. स्किनच्या रकान्यात लिहायला माझ्याकडे दोन शब्द. अल्सर लिहावं तर कागदावर अल्सरचं चित्र होतं, खोल खड्डा, आत काळं. इथं तर कातडी फुटलेली नव्हती. लाल डाग हे इंग्रजीत कसं लिहायचं ते मला येत नव्हतं, आणि नुसतं लाल लिहिलं तर ताई विचारणार, लाल म्हणजे काय? त्याचं मी काय सांगू? मी मॅडमना फोन केला.

"कातडी फुटलीय का?"

"नाही मॅडम. पण दाबल्यावर..."

"फुटली नाही म्हणजे इन्टॅक्ट. स्वतःचं डोकं चालवू नकोस. क्लायंट घाबरतो आणि मग मला फोन येतो."

मी इन्टॅक्ट लिहिलं. ते खोटं नव्हतं. इतकं खरं आणि इतकं निरुपयोगी वाक्य मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं.

मग मोरजीच्या पोरीला फोन केला. ती हरमलला एका म्हाताऱ्याकडे होती. ती म्हणाली, "पोटरेखाला उशी घाल आनी खोट अधांतरी दवर. फळयेक उजो लाव." टाच अधांतरी ठेव आणि फळीला आग लाव, एवढंच तिचं वैद्यक. मी आग लावली नाही, पण उशी घातली. चार वाजता वहिनी शाळेतून आल्या, पलंग नीट केला आणि उशी काढून ठेवली. "उशीमुळे पाऊल फळीला लागत नाही, सिस्टर. ताई रागावतील."

"वहिनी, टाच जरा लाल दिसते."

"लिहिलंय ना रजिस्टरमध्ये?"

लिहिलं असतं तर ती बाब झाली असती. तोंडी सांगितलेलं त्या घरात गोष्ट नव्हती, ते मोलकरणीचं बोलणं होतं. आणि मी तर सिस्टर होते. हा मान मी स्वतः घोकून मिळवला होता, त्यानंच माझं तोंड शिवलं.

रोज सकाळी त्या गेल्या की मी उशी घालायचे, रोज चार वाजता ती निघायची, आणि रात्रभर टाच गादीवर. डाग दिसल्यापासून चौथ्या दिवशी तो जांभळा झाला. सातव्या दिवशी त्यावर पाण्याचा फोड आला, वरची कातडी ताणलेली, चकचकीत. फुटलेली नव्हती. इन्टॅक्ट. मी नऊ दिवस इन्टॅक्ट लिहिलं, मग दहावा दिवस, मग अकरावा, मग बारावा. आजींना काही दुखत नव्हतं, मधुमेहानं आणि वाऱ्यानं मिळून तो पाय त्यांच्यापासून तोडलाच होता. वास येऊ लागला होता, पण ते काजूचे दिवस. अंगणात बोंडांचे ढीग, सगळ्या धारगळला तो आंबूस दर्प. नाकाला बोंडांचा बहाणा मिळाला. माझ्या नाकानं तो घेतला, हे कबूल करते.

तेराव्या दिवशी सकाळी पांघरूण काढलं तर चादर ओली. फोड फुटला होता आणि खाली टाच काळी होती. आजींच्या अंगात ताप.

मुलानं गाडी काढली. मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत वहिनींच्या मांडीवर रजिस्टर होतं. त्यांनी ते आठवणीनं घेतलं होतं. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तपासायला डॉक्टर आला तो तरुण होता, डोळे तारवटलेले. त्यानं टाच पाहिली आणि विचारलं, "हें केन्ना सावन?"

"कालपर्यंत काही नव्हतं, डॉक्टर," वहिनी म्हणाल्या आणि रजिस्टर उघडून दिलं. "हे बघा. आम्ही रोज ठेवतो. काल दुपारी स्किन इन्टॅक्ट. रोजचं इन्टॅक्ट आहे."

डॉक्टरनं पानं मागे उलटली. बारा दिवस माझ्या अक्षरात, एकाखाली एक. "रजिस्टर व्यवस्थित ठेवलंय," तो म्हणाला. मग मुलाकडे वळला. "हे एका दिवसात झालं असेल तर चांगलं लक्षण नाही. शुगर एवढी वाढलेली, ताप आहे. एका दिवसात काळं पडलं म्हणजे आत वेगानं पसरतंय. मी सर्जनना बोलावतो. थांबता येणार नाही कदाचित. गुडघ्याखाली घ्यावा लागेल."

"घ्यावा म्हणजे?" मुलानं विचारलं. त्याला कळलं होतं, तरी विचारलं.

"कापावा."

मुलगा भिंतीला टेकला. स्ट्रेचरवरून आजी म्हणाल्या, "कितें कापतले रे?"

तेव्हा मला जे वाटलं त्याचं वर्णन मी अनेकदा स्वतःशी केलंय आणि प्रत्येक वेळी ते जरा बरं करून सांगितलंय. खरं असं, की आधी मला नोकरी आठवली. मग डिचोलीची खोली, मग टिपरपाशी बसलेला नवरा. मग दारातून सर्जन येताना दिसला, आणि मग मी बोलले.

"एका दिवसाचं नाही, डॉक्टर. बारा दिवसांचं आहे."

सगळे माझ्याकडे वळले. मी मराठीतच सांगितलं, दुसरं येत नव्हतं. "पहिल्या दिवशी सुपारीएवढा लाल डाग होता. दाबल्यावर पांढरा पडत नव्हता, हाताला कोमट लागत होता. चौथ्या दिवशी जांभळा झाला, रुपयाएवढा. सातव्या दिवशी फोड आला. फोडातलं पाणी आधी साफ होतं, नवव्या दिवशी लालसर झालं, काल काळपट. काळं हळूहळू झालंय. टाचेच्या बाहेर गेलेलं नाही. ताप आजचाच. पाय दिवसरात्र फळीला लावलेला होता, टाच कडक गादीवर."

डॉक्टरनं रजिस्टर मिटलं आणि बाजूला ठेवलं. "दाबल्यावर पांढरा पडत नव्हता? नक्की?"

"नक्की. मी रोज दाबून बघत होते."

त्यानं आपल्या कागदावर लिहिलं आणि लिहिता लिहिता पुटपुटला, नॉन-ब्लांचिंग इरिथेमा. तर त्याला शब्द होता. पुढच्याच पानावर असणार, मॅडमनी तेवढं पान झेरॉक्स केलं नव्हतं. जे जगात सगळ्यात आधी ओळखायचं, त्याचा शब्द डॉक्टरांनी आपल्याजवळ ठेवला होता आणि आम्हाला दिले होते अफेब्राइल.

सर्जननं टाच दाबून पाहिली, घोट्यापाशी नाडी शोधली, दोघं इंग्रजीत बोलले. मग तो मुलाला म्हणाला, "बारा दिवसांचं दाबाचं असेल तर आज पाय घेत नाही. मेलेलं मांस काढू, आठ दिवस बघू. वर सरकलं तर मग इलाज नाही."

बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हो."

"मग लिहिलं का नाहीस?" हे वहिनींनी विचारलं.

मला उत्तर देता आलं असतं. तुम्ही उशी काढत होतात, हे म्हणता आलं असतं. टाच त्यांच्याही घरात होती, डोळे त्यांनाही होते, पांघरूण कोणाला जड नव्हतं. बारा दिवसांत त्या घरातल्या एकानं पाय उघडून पाहिला नाही, कारण पायाचा फोटो कोणाला पाठवायचा नव्हता. हे सगळं मला तेव्हा सुचलं होतं. मी म्हटलं, "चुकलं, वहिनी."

सहा वाजता ताईंचा फोन आला, त्या दिवशी आरती नव्हती. त्या इंग्रजीत बोलल्या, मग माझ्यासाठी मराठीत. "हॉस्पिटलमधून सुटेपर्यंत राहा. नंतर यायची गरज नाही." मग मॅडमचा. मी त्यांचं नाव खराब केलं, डॉक्टरसमोर तोंड उघडायचं काय कारण होतं, रजिस्टर क्लीन होतं ना? सर्टिफिकेट परत कर म्हणाल्या. मी ते टपालानं पाठवून दिलं. लॅमिनेशनमुळे घडी पडत नव्हती, पाकीट मोठं आणावं लागलं.

आठ दिवस मी वॉर्डात आजींच्या पलंगाशी होते. टाच आता अधांतरी होती, पोटरीखाली दोन उशा, आणि त्या काढायला कोणी येत नव्हतं. रोज सकाळी ड्रेसिंग उघडायचे. सातव्या दिवसापर्यंत काही सांगता येत नव्हतं. मी काळ्याची कड बघत राहायचे, ती सरकली का. वहिनी शाळा करून यायच्या, डबा द्यायच्या, टाचेकडे न बघता विचारायच्या, "कसं आहे?" मी सांगायचे, तेवढंच आहे.

आजी माझ्याशी बोलत नव्हत्या. त्यांनी स्ट्रेचरवरून सगळं ऐकलं होतं. कूस बदलली, तोंड पुसलं, भांडं लावलं, सगळं मुकाट. दुसऱ्या दिवशी एकदाच म्हणाल्या, "तुका कळलां आनी तू गप रवलंय." विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. त्या घरातल्या कोणाचं बोलणं मला इतकं लागलं नाही. बाकीच्यांना माझं इंग्रजी पाहिजे होतं आणि ते मी त्यांना रोज दिलं. आजींनी माझ्याकडून काही मागितलंच नव्हतं, पाय कुठे आहे ते बघ एवढं सोडून.

आठव्या दिवशी सर्जननं पट्टी काढली, चिमट्यानं कड खरवडली. रक्त आलं. लाल, ताजं. "हे पाहिजे होतं," तो म्हणाला. "जिवंत आहे. पाय राहील. महिने लागतील, पण राहील." मी पलंगाची कड धरली.

दुपारी वहिनी आल्या. बातमी ऐकून त्यांनी आजींच्या कपाळाला हात लावला, डोळे पुसले. मग मला ऐकू जाईल इतपत हळू आवाजात आजींना म्हणाल्या, "आई, सोमवारपासून दुसरी मुलगी येते. नर्सिंगचं जीएनएम झालेली आहे. ताईंनी बघितलीय. सगळ्या टर्म्स येतात तिला."

आजी छताकडे बघत होत्या. "ती येवन कितें करतली?"

"सगळं करेल. शिकलेली आहे."

"शिकलेली म्हणजे भिवची नाय." आजींनी मान माझ्या बाजूला वळवली, आठ दिवसांत पहिल्यांदा. बघितलं, जसं त्या आपल्या पायाकडे बघायच्या. "हिका निदान आता भंय आसा. हिका दवर."

वहिनी ताईंना फोन करायला बाहेर गेल्या, खूप वेळ बाहेर राहिल्या. मी भांडं उचलून धुवायला नेलं. परत आले तेव्हा आजींनी डोळे मिटले होते. मी खाली वाकून उशा सारख्या केल्या आणि टाचेखालून हात फिरवून पाहिला, गादी लागत नाही ना.